सातवी आज्ञा आणि उरलेली भाकर

माझ्या सासूबाई लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती. सांगोल्याकडच्या मेंढरं राखणाऱ्या घरातल्या त्या. येताना मेंढीचं दूध मोजायची एक मोठी पितळी वाटी तेवढी माहेराहून घेऊन आल्या होत्या. मामंजींनी त्यांना पाटीवर धडे देऊन वाचायला शिकवलं आणि पुढं जन्मभर त्याचे परिणाम भोगले. मामंजी शास्त्र एका दमात वाचत, अख्खा अध्याय संपवून चष्मा कपाळावर सारत. सासूबाई शब्दाखाली बोट धरून वाचत. बोट सरकल्याशिवाय नजर सरकत नसे. तेवढ्या वेळात त्यांच्या चारच ओळी होत, पण त्या चार ओळींतलं काही त्यांच्या तावडीतून सुटत नसे.

मामंजी सोलापुरातल्या आमच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीचे पाळक होते. चर्चच्या आवारातच घर. आमचे हे रेल्वेत आणि रविवारी हमखास ड्यूटीवर, त्यामुळे जेवायला बहुतेक आम्ही तिघंच. मी सकाळी शाळेत शिकवायची आणि उरलेला दिवस त्या दोघांचं ऐकायची. माहेरची आठवण काढत बसावं एवढी फुरसत त्यांनी मला कधी दिली नाही, आणि त्याबद्दल माझी तक्रारही नाही.

आता भाकरीचं सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच येऊन ठेपलं. महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्यात प्रभुभोजन असे. प्रत्येकाला भाकरीचा छोटा तुकडा आणि द्राक्षरसाचा एक घोट. द्राक्षरस म्हणजे काळ्या मनुका भिजवून, उकळून, फडक्यातून गाळलेलं पाणी. भाकर सासूबाई आदल्या दिवशी करत. गव्हाच्या पिठाची, बिनमिठाची, बोटभर जाड, मंद आचेवर शेकलेली. "शास्त्रात भाकर म्हणलंय, मग ज्वारीची का न्हाय?" हा त्यांचा जुना वाद. ज्वारीच्या भाकरीचे तुकडे करताना भुगा होतो, असं मामंजी सांगत. "तुमास्नी मोडाया येत न्हाय," असं म्हणून त्या गव्हाचंच पीठ मळायला घेत.

या भाकरीचा एक नियम होता. तो मंडळीच्या सेक्रेटरीसाहेबांनी करून घेतलेला. ते एका मिलमधून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते आणि ठराव लिहायची त्यांची हौस काही निवृत्त झाली नव्हती. आधीच्या पाळकांच्या कोंबड्या प्रभुभोजनाचे तुकडे टिपताना त्यांनी पाहिल्या, आणि पुढच्याच बैठकीत ठराव आला. उरलेली भाकर टाकू नये, जनावराला घालू नये. पाळकाच्या घरी त्याच दुपारी, पंगतीला असतील त्यांनी ती संपवावी. म्हणून पहिल्या रविवारी आमच्याकडे मटणाच्या रश्श्याशेजारी ते चौकोनी तुकडे असत. मला सुरुवातीला अवघडल्यासारखं व्हायचं, मग सवय झाली.

बहात्तरचा दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या वर्षीची ही हकीकत. जवळच्या प्रसूतिगृहात एक नर्स होत्या. सगळे त्यांना सिस्टरबाई म्हणत. निम्म्या मंडळीची पोरं त्यांच्या हातांत जन्मली होती. त्यांचा नवरा चौदा वर्षांपूर्वी मुंबईला गोदीत काम बघतो म्हणून गेला, तो गेलाच. तिथं त्यानं दुसरा संसार थाटला, तीन मुलं झाली, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पहिली दोन वर्षं नाताळाला त्याचं कार्ड आलं, मग तेही बंद झालं.

सिस्टरबाईंनी घटस्फोट मागितला. तेव्हा आमच्या लोकांचा कायदा असा होता की नवऱ्यानं बायकोचा व्यभिचार दाखवला की काम भागे. बायकोला मात्र नवऱ्याच्या व्यभिचाराला काहीतरी जोड द्यावी लागे, छळ केला म्हणा, टाकून दिलं म्हणा. नुसत्या व्यभिचारानं बाईचं काही बिघडत नाही, असं कायदा करणाऱ्यांना वाटलं असावं. इथल्या कोर्टानं मान्य केल्यावर पुन्हा हायकोर्टाची मोहोर लागे. ड्यूटी सांभाळून सिस्टरबाईंनी हे सगळं एकटीनं निस्तरलं. कागद हाती आला तेव्हा त्यांची चाळिशी उलटली होती.

मग त्या एका संध्याकाळी अण्णांना घेऊन मामंजींकडे आल्या. अण्णा आमच्याच मंडळीतले. तेलुगू बोलणारे, विधुर, चादरीच्या कारखान्यात सूत रंगवायचे. त्यांचे हात कोपरापर्यंत कधी निळे, कधी लाल. रविवारी कितीही घासले तरी नखांतला रंग जात नसे. सिस्टरबाईंच्या दारात पाण्याची कळशी नेऊन ठेवायची आणि उंबऱ्यातूनच परत फिरायचं, असं त्यांचं तीन वर्षं चाललं होतं. एवढ्या सभ्यपणाचा मला तर रागच यायचा.

"आमचं लग्न चर्चमध्ये लावून द्या, साहेब," सिस्टरबाई म्हणाल्या.

मामंजींनी कागद शेवटपर्यंत वाचला, घडी करून परत दिला. त्यांचे डोळे भरले होते. "बाई, सातवी आज्ञा आहे, व्यभिचार करू नको. आणि सोडलेल्या बाईशी जो लग्न करतो तो व्यभिचार करतो, असं प्रभूनं स्वतः सांगितलंय. मी ते लिहिलेलं नाही. मला ते खोडता येत नाही."

"चौदा वर्षं आज्ञा मी पाळली. त्यानं पाळली नाही. आणि मोडणारी मी ठरले?"

मामंजी उठले. ते दोघांना फाटकापर्यंत पोचवायला गेले. फाटक लावून बराच वेळ तिथंच उभे राहिले.

त्या रात्री जेवताना सासूबाईंनी तोंड उघडलं. "आज्ञा घरासाटी हाय. घर मोडू नगा म्हणून देवानं सांगितली. हिचं घर मोडून चौदा वर्सं झाली. मेंढरं गेल्यावर वाड्याला काटं लावून कशाची राखण करताय?"

"तू म्हणतेस ते चांगलं आहे," मामंजी म्हणाले, "पण तिथं तसं लिहिलेलं नाही."

दुसऱ्या दिवशी शाळेत मी हे एका कॅथलिक बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "आमच्यात ती सातवी नाही, सहावी. मोजणी वेगळी. आणि आमच्यात घटस्फोटच नाही, त्यामुळे ही भांडणंही नाहीत." भांडण नसलं की काय होतं ते मी नवऱ्यानं टाकलेल्या त्यांच्या बहिणीकडे पाहून ओळखून होते. पण एकाच आज्ञेला जर दोन नंबर असू शकतात, तर दोन अर्थ का असू नयेत, हे मात्र डोक्यात घोळत राहिलं.

महिन्याभरानं त्या दोघांनी कोर्टात नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. आणि त्यांना शिस्तीखाली घ्यायचं का, हे ठरवायला मंडळीच्या पंचांची बैठक आमच्या व्हरांड्यात भरली. सेक्रेटरीसाहेबांचा आज्ञेचा अर्थ अगदी सुटसुटीत होता. घर राखते ती बाई, म्हणून आज्ञेचा भारही तिच्यावर. सिस्टरबाईंच्या पळालेल्या नवऱ्याचा विषय निघाला तेव्हा याच गृहस्थांनी "पुरुषमाणूस आहे, पाय घसरतो" असं म्हटलेलं मी कानांनी ऐकलं होतं. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, अशांपैकी ते. त्यांनी सोडलेल्या बाईचं तेच वचन मोठ्यानं वाचून दाखवलं.

सासूबाई चहा घेऊन आल्या होत्या. ट्रे ठेवून म्हणाल्या, "त्याच पानावर जरा वर काय लिवलंय, त्ये बी वाचा की."

कुणी वाचेना. तेव्हा त्यांनीच सांगितलं. "परक्या बाईकडं वाईट नजरंनं नुसतं बगितलं तरी व्यभिचार झाला, असं हाय तितं. मंग आदी शिस्तीखाली कुणाला घेताय? हितं बसलेल्यांपैकी?"

पाच पुरुष होते, पाच कप होते, आणि एकाचाही हात चहाकडे जाईना. मामंजी हळूच म्हणाले, "तू आत जा." त्या आत आल्या आणि चुलीपुढं बसून पदरानं तोंड पुसलं. बाहेर ठराव झाला. दोघांना शिस्तीखाली घ्यावं. उपासनेला यावं, पण पश्चात्ताप करीपर्यंत प्रभुभोजन मिळणार नाही. खाली मामंजींची सही.

पहिल्या रविवारी दोन पंच ताटं घेऊन बाकाबाकानं निघाले. शेवटच्या बाकावर सिस्टरबाई आणि अण्णा, दोघंच. ताट त्यांच्या अलीकडच्या बाकापर्यंत आलं आणि वळलं. ज्यांनी वळवलं त्यांच्या दोन्ही मुली सिस्टरबाईंनीच या जगात आणल्या होत्या. सिस्टरबाईंनी पदर सारखा केला आणि हात मांडीवर ठेवले. त्या लहानपणापासून हे भोजन घेत आल्या होत्या. नवरा गेला त्या महिन्यातही त्यांनी ते चुकवलं नव्हतं. मला रडू आलं नाही. मला इतका संताप आला की शेवटचं गीत मी म्हटलंच नाही.

बाहेर पडल्यावर चार माणसांत सासूबाईंनी हाक मारली, "सिस्टरबाई, अण्णा, जेवाया या. मटान केलंय."

पंगत बसली. ताटं वाढली, आणि सासूबाईंनी उरलेल्या तुकड्यांची वाटी मधोमध ठेवली. सिस्टरबाईंनी ती ओळखली आणि हात मागे घेतला.

"पाळकीणबाई, हे मला मना आहे."

"तितं मना हाय. हितं जेवान हाय. पंगतीला असतील त्यांनी संपवावी, असा नियम हाय. तू पंगतीला हायस का न्हाय?"

सगळ्यांनी मामंजींकडे पाहिलं. धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं, अशी त्यांची गत झाली. या भाकरीवर सकाळी त्यांनीच प्रार्थना केली होती. शिस्तीच्या ठरावावर सही त्यांचीच होती. उरलेलं संपवायच्या नियमाला कधी हरकत घेतली नव्हती, तीही त्यांनीच. त्यांनी सदऱ्याचा खिसा चाचपला, म्हणाले, "माझा चष्मा कुठं राहिला कोण जाणे," आणि उठून व्हरांड्यात गेले. चष्मा त्यांच्या कपाळावर होता.

सिस्टरबाईंनी तुकडा उचलला. तो त्यांनी सावकाश तोंडात घातला. अण्णांनी निळ्या बोटांत तुकडा धरून डोळे मिटले आणि तेलुगूत काहीतरी पुटपुटले. सासूबाईंनी दोघांना स्टीलच्या पेल्यात उरलेला द्राक्षरस दिला. मग बाहेर हाक घातली, "घावला का चष्मा?"

"सापडला."

"मंग या. रस्सा निवतोय."

मामंजी आले, बसले, आणि अण्णांना आग्रह करकरून वाढू लागले.

तेव्हापासून दर पहिल्या रविवारची ही रीतच पडली. पूर्वी भाकरीला स्टीलच्या तीन वाट्या पीठ लागे. ते चार झालं, मग पाच. मंडळी होती तेवढीच होती, भाकर वाढत चालली होती. आणि मामंजींच्या वस्तू हरवू लागल्या. एकदा पेन, एकदा छत्री, एकदा तर आवारात बकरी शिरली म्हणून ते उठले, जी आमच्यापैकी कुणालाच दिसली नाही. मी हसू दाबायची. सासूबाई मात्र या बाबतीत त्यांची कधी थट्टा करत नसत. मी एकदा विचारलं, की तुम्ही त्यांना सरळ तोंडावर का नाही सांगत? त्या म्हणाल्या, "त्यास्नी देवाचं भ्या हाय. खरं भ्या हाय. सेक्रेटरीसारकं मानसांचं न्हाय. असल्या मानसाला ढकलू नये, बाई. वाट बगावी." नवऱ्याबद्दल एवढं प्रेमानं बोललेलं मी त्यांच्या तोंडून दुसऱ्यांदा ऐकलं नाही.

उन्हाळ्यात एका पहिल्या रविवारी सेक्रेटरीसाहेब कसल्याशा कागदावर सही घ्यायला भर जेवणाच्या वेळी आले. मामंजी व्हरांड्यात लख्ख उन्हात छत्री शोधत होते. साहेबांना अडवणं त्यांना जमलं नाही. सेक्रेटरीसाहेब थेट आत आले तेव्हा सिस्टरबाईंच्या हातात तुकडा होता, आणि तो कसला ते वेगळं सांगायची गरज नव्हती.

"या, बसा," सासूबाई म्हणाल्या. "पंगतीला बसलात तर तुमास्नी बी संपवाया लागंल. तुमचाच नियम हाय."

ते आल्या पावली परत फिरले. आम्हाला वाटलं, आता मामंजींची नोकरी जाणार आणि घरही जाणार. पण सेक्रेटरीसाहेब मुरलेले हेडक्लार्क होते. पुढच्या बैठकीत त्यांनी कुणाचं नावही काढलं नाही. एवढंच म्हणाले, की दुष्काळ आपण विसरलो काय? रेशनची लाल मिलो ज्वारी खाऊन दिवस काढले, आणि आता प्रभुभोजनाची भाकर उरते कशी? यापुढे भाकर मंडळीला पुरेल एवढीच, दोन वाट्या पिठाची व्हावी. धान्य वाया घालवू नये, याला कोण नाही म्हणणार? ठराव मंजूर झाला आणि मामंजींनी तो स्वतःच्या हातानं वहीत लिहिला.

सासूबाईंनी ती वही घरी आल्यावर उघडली. बोट ठेवून ठराव एकदा वाचला, पुन्हा वाचला. "ह्यात फट न्हाय," म्हणाल्या आणि वही मिटली. मी मनातल्या मनात मामंजींवर फार चिडले होते. एवढे दिवस छत्री शोधलीत, आणि शेवटी स्वतःच लिहून दिलंत ना, असं वाटत होतं.

बातमी सिस्टरबाईंपर्यंत पोचली. शुक्रवारी त्या भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "उरणार नाही म्हणे आता. असू दे. आम्ही येऊ, रस्सा खाऊ." आणि हसल्या. ते हसणं बघवलं नाही.

शनिवारी सासूबाईंनी पीठ मळायचं माझ्यावर सोपवलं. "माज्या हातनं न्हाय व्हायचं," म्हणाल्या आणि अंगणात पाठ करून शेंगा फोडत बसल्या. मी स्टीलच्या दोन वाट्या पीठ परातीत घेतलं. एवढासा ढीग. मंडळीला पुरेल, आणि ताटं रिकामी परत येतील, हे दिसतच होतं.

तेवढ्यात मामंजी स्वयंपाकघरात आले. चहा मागायचा असला तरी ते दारातूनच मागत, आत येत नसत. चष्मा नाकावर, जिथं असायला हवा तिथं होता. त्यांनी परातीत वाकून पाहिलं.

"सूनबाई, पीठ कमी वाटतंय."

"ठरावात दोनच वाट्या आहेत, मामंजी." माझा आवाज जरा तिखट आला असेल.

"ठराव मी लिहिलाय. काय लिहिलंय ते मला माहीत आहे." त्यांनी वरच्या फळीकडे पाहिलं. "दोन वाट्या लिहिलंय. कुठली वाटी, ते मी लिहिलेलं नाही."

मग त्यांनी टाचा उंचावून वरच्या फळीवरची सासूबाईंची ती पितळी वाटी काढली, तिच्यातल्या सुक्या मिरच्या ओट्यावर ओतल्या, वाटी धोतराच्या सोग्यानं पुसली आणि माझ्या हातात दिली. अंगणात शेंगा फुटायचा आवाज थांबला होता. ते गेल्यावर मी त्या वाटीनं पीठ मोजलं. दोन वाट्या, एक चिमूटही जास्त नाही. परात भरली.

दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये ताट नेहमीसारखंच शेवटच्या बाकाअलीकडून वळलं. मामंजींनी शिस्तीचा ठराव काही मागे घेतला नाही. तो त्यांना घेताही आला नसता. दुपारी पंगत बसली. उरलेल्या तुकड्यांचं या खेपेला वाटीत भागेना, म्हणून ताटली घ्यावी लागली. सिस्टरबाई खाली मान घालून बसल्या होत्या. मामंजी बाहेर जातील म्हणून आम्ही सगळेच थांबलो होतो.

"चष्मा?" सासूबाईंनी विचारलं.

"आहे," मामंजी म्हणाले. ते जागचे हलले नाहीत. त्यांनी ताटली दोन्ही हातांनी उचलली, जशी सकाळी उचलली होती तशीच, आणि सिस्टरबाईंपुढे धरली.

"घ्या, बाई," ते म्हणाले, "संपवायची आहे."